हे खानदानी आहे का जी, डॉक्टर?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की बाळाचं रूप, तब्येत, डोकं यातलं काय आईबापाकडून येतं आणि काय नंतर घडतं, याबद्दल मनात जे असेल ते लिहून पाठवा. चिठ्ठ्या आल्या, व्हॉट्सअपवर बोलून पाठवलेले मेसेज आले, काही आशाताईंनी लोकांचं ऐकून लिहून पाठवलं. सगळं वाचल्यावर एक गोष्ट फार खटकली, ती आधीच सांगते. जे पाण्यामुळे, खाण्यामुळे, कामामुळे होतं त्याला आपल्याकडे लोक खानदानी म्हणतात आणि गप्प बसतात, आणि जे खरंच आईबापाकडून येतं, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार, ते मात्र लपवतात. बहुतेक पत्रांत हाच घोळ आहे. नावं दिलेली नाहीत, फक्त तालुका दिलाय.

माह्या नवऱ्याचे दात पिवळे, नणंदेचे पिवळे, सासऱ्याची तर कंबर आखडली, वाकताच येत नाही त्याईले. मी दुसऱ्या तालुक्यातली आहो, माहे दात पांढरे आहेत. आता दोन्ही लेकरांचे दुधाचे दात पडून नवीन आले ते बी पिवळे अन् चट्टे पडलेले. सासू म्हणते आमच्या घराण्यातच आहे हे. पोरीच्या लग्नात अडचण येईन का जी? (केळापूर तालुका)

ताई, अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. एक काम करा, तुमच्या नात्यातले नाहीत, जातीतलेही नाहीत अशा शेजारच्या दोन-चार घरांत जा आणि तुमच्या लेकरांच्या वयाच्या मुलांचे दात बघा. त्यांचेही तसेच असतील तर हे रक्तातलं नाही, हातपंपातलं आहे. आणि नणंदेची मुलं दुसऱ्या गावात, दुसऱ्या पाण्यावर वाढली असतील तर त्यांचेही बघा, ते पांढरे निघाले की विषयच संपला.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, खालच्या खडकातून ते पाण्यात उतरतं. लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आपलं मानक सांगतं, त्याच्यावर मात्र त्रास सुरू होतो. आता तुमचे दात पांढरे का राहिले ते बघा. पक्का दात बाहेर दिसायच्या कितीतरी आधी हिरडीच्या आत तयार होत असतो, आणि त्याचा वरचा चकचकीत थर बनत असताना पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर तो थर बिघडतो, पुढे त्यावर पिवळे-तपकिरी चट्टे दिसतात. हे सगळं साधारण आठ वर्षांच्या आतलं. तुम्ही लग्न होऊन आल्या तेव्हा तुमचे दात बनून झालेले होते, म्हणून नंतर तेच पाणी प्यायल्या तरी दाताला काही झालं नाही. हाडांचं तसं नसतं, तिथे मोठेपणीही फ्लोराइड साठत जातं, म्हणून सासऱ्यांची कंबर त्यानेच आखडली असण्याची बरीच शक्यता आहे, एकदा एक्स-रे काढून घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या हाडांचाही विचार करा बाई, पाणी तुम्हीही तेच पिताय.

घर तेच, हातपंप तोच, आणि तीन पिढ्यांना तोच त्रास, मग बघणारा खानदानी म्हणणारच. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला धरा आणि पाण्याचा नमुना तपासायला पाठवायला लावा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. उथळ विहिरीच्या पाण्यात बोअरपेक्षा बहुतेक वेळा कमी असतं पण तेही तपासूनच घ्या. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदललं तरी पुरे, आंघोळ-धुण्याला तेच चालतं. लेकरांना दूध, शेवगा, आवळा जेवढं मिळेल तेवढं द्या, कॅल्शियम पोटात असलं की फ्लोराइड अंगात कमी मुरतं. पोरीच्या लग्नाचं टेन्शन घेऊ नका, हे डाग तिच्या लेकरांना वारशाने जाणार नाहीत, आणि दाताचे डॉक्टर डाग बरेचसे फिके करून देतात. दाताचा थर जन्मतःच कच्चा असण्याचा एक खराखुरा खानदानी आजारही आहे, पण तो फार कमी घरांत असतो, पूर्ण वस्तीला होत नाही.

असंच धानपट्ट्यात लाखोळीच्या डाळीचं होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान निघायच्या आधी बांधीत लाखोळी टाकतात, पाणी नसलं तरी येते. दुष्काळात दुसरं काही नसायचं तेव्हा लोक दोन-तीन महिने रोज मुख्य जेवण म्हणून तीच खायचे आणि मग चांगली कमावती माणसं पाय ओढत चालायला लागायची, कायमची. त्या डाळीत नसांवर परिणाम करणारं विष असतं. एका घरात बाप आणि दोन पोरं लंगडी दिसली की गाव म्हणायचं त्या घराण्याला शाप आहे. शाप नव्हता, तिघं एकाच गंजातलं जेवत होते. अधूनमधून खाल्लेल्या डाळीने असं होत नाही, रोजच्या पोटभरीचं अन्न तेवढं एकच होऊ देऊ नका, आणि भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तर विष बरंच कमी होतं.

पोराची सोयरीक जमवली आहे. कॉलेजात सिकलसेलची तपासणी झाली त्यात पोरगा एएस निघाला. माहा भाऊ म्हणते पोरीकडच्याईले सांगू नको, सोयरीक मोडन. पोरगा तर धट्टाकट्टा आहे, धान कापते, कबड्डी खेळते. काय करावं? (आरमोरी तालुका)

दादा, सांगा. आणि नुसतं सांगू नका, पोरीची तपासणी झालीय का ते विचारा, कारण खरा प्रश्न तुमच्या पोराचा नाहीच, दोघांची जोडी कशी जमते याचा आहे.

तुमचा पोरगा आजारी नाही. एएस म्हणजे वाहक. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा लाल पदार्थ, कसं बनवायचं याची माहिती प्रत्येकाकडे जोडीने असते, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. तुमच्या पोराच्या जोडीत एक नीट आहे, दुसरीत फक्त एका अक्षराचा बदल आहे. नीट असलेलीवर काम भागतं, म्हणून तो कबड्डी खेळतो. पण जोडीतल्या दोन्ही बदललेल्या आल्या तर तो एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. त्याच्या लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, मग ते अंग मोडून काढणारं दुखणं, रक्त कमी होणं, डोळे पिवळे होणं. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४९ साली दाखवलं.

आपल्याच भागात हे इतकं का, हा प्रश्न नेहमी येतो. मलेरियामुळे. ज्याच्याकडे एक बदललेली प्रत आहे त्याला जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही, म्हणून जिथे शेकडो पिढ्या मलेरियाने लेकरं मेली त्या जंगलपट्ट्यात एएस माणसं जास्त वाचली आणि त्यांची संतती वाढली. म्हणजे गडचिरोलीच्या डासांनी इथल्या लोकांच्या रक्ताची निवड केली असंच म्हणा. यात कोणाचं पाप नाही, कोणती जात वाईट नाही. आणि हे फक्त आदिवासी समाजात आहे असंही नाही, विदर्भात इतर समाजांतही भरपूर सापडतं, त्यामुळे आम्हाले नाही होत म्हणून कोणी तपासणी टाळू नये.

आता हिशोब. पोरगी तपासणीत एए, म्हणजे पूर्ण नॉर्मल निघाली तर एकही लेकरू सिकलसेलचं रुग्ण होणार नाही, काही वाहक होतील एवढंच, बिनधास्त लग्न करा. पोरगीही एएस निघाली तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळ एसएस होईल, चारात दोन वाहक, चारात एक अगदी नॉर्मल. प्रत्येक बाळंतपणात हा शब्द नीट ऐका, कारण माझ्याकडे येणारे लोक म्हणतात पहिलं पोट्टं आजारी झालं आता पुढचे तीन चांगले. तसं नसतं, दर वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते. अशा जोडप्याने सोयरीक थांबवायची की पुढे जायचं हे त्या दोघांनी ठरवायचं, आईबापाने नाही आणि काकाने तर अजिबात नाही. लग्न केलंच तर दिवस गेल्याबरोबर डॉक्टरला सांगायचं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोटातल्या बाळाची तपासणी नागपूरसारख्या ठिकाणी होऊ शकते, आणि पुढचा निर्णय कायद्यात बसेल तसा आईने घ्यायचा.

पहिली सोपी तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी, ती गावपातळीवर होते, पण तिच्यात फक्त सिकल आहे का नाही एवढंच कळतं, एएस की एसएस ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. नुसत्या पहिल्या रिपोर्टवर कोणाला वाहक किंवा रुग्ण ठरवू नका. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालंय, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात धरली आहे, त्याचा फायदा घ्या.

आणि ज्यांच्या घरी एसएस लेकरू आधीच आहे त्यांनी हे वाचून खचू नका. आजार आईबापाकडून आला, पण लेकरू कसं जगेल ते घरावर खूप अवलंबून आहे. बाळ पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत लक्षणं दिसत नाहीत, कारण तोवर पोटात असतानाचं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं, मग एक दिवस हातपाय सुजतात. आधीच माहीत असलं तर पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, फॉलिक अॅसिड वेळेवर सुरू होतं. मोठं झाल्यावर हायड्रॉक्सीयुरिया, भरपूर पाणी, थंडीत अंग झाकणं, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. मे महिन्यात उन्हात तहानलेलं राहिलं किंवा डिसेंबरात पहाटे थंड पाण्याने आंघोळ केली की दुखणं उठतं. दोन भाऊ, दोघंही एसएस, एक दर महिन्याला भरती आणि दुसरा कॉलेजला जातो, असं मी बघते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

तीन पोरी झाल्या. सासू म्हणते सुनेच्या पोटालाच खोट आहे, पोराचं दुसरं लग्न लावून देतो. (हिंगणघाट तालुका)

ताई, हे सासूबाईंना वाचून दाखवा, नवऱ्याला समोर बसवून. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, त्यातली एक जोडी मुलगा की मुलगी ठरवते. बाईकडे एक्स-एक्स असतं, म्हणून तिच्या बीजातून कायम एक्सच जातो, तिच्याकडे दुसरं द्यायला काही नाहीच. पुरुषाकडे एक्स आणि वाय. त्याच्याकडून एक्स गेला की मुलगी, वाय गेला की मुलगा. म्हणजे मुलगी का झाली याचं उत्तर द्यायचंच असेल तर ते तुमच्या नवऱ्याकडे आहे, आणि त्याच्याही हातात काही नाही. दुसरी बायको केली तरी वाय तोच घेऊन जाणार, आणि पहिली असताना दुसरी करणं गुन्हा आहे. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे कोणी सांगत असेल तर १९९४ च्या कायद्याने सांगणारा आणि विचारणारा दोघंही अडकतात. मुलगा होण्याचं औषध, पुडी, गाईचं काही असं कोणी देत असेल तर घेऊ नका, त्यात काय असतं ते कोणाला माहीत नसतं आणि बाळाचे अवयव त्याच दिवसांत बनत असतात.

चवथा महिना लागला. वजन ३८ किलो, रक्त ८.५. सासू म्हणते जास्त खाऊ नको, पोट्टं मोठं झालं की सुटका अवघड जाईन. कापूस वेचाले जावं लागते. उलटीसारखं वाटलं की थोडासा खर्रा खाते मी, बरं वाटते. चालते का? अन् बारीक आईचं पोट्टं बारीकच राहीन ना, आमच्याकडे सगळ्या बाया बारीकच आहेत. (दारव्हा तालुका)

नाही चालत माय. खर्रा आजपासून बंद, बाकीचं नंतर वाचा. तंबाखूतल्या निकोटिनने वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला रक्त कमी मिळतं, बाळ कमी वजनाचं होतं, वेळेआधी येतं, कधी पोटातच जातं. खाल्लेल्या तंबाखूने हे होतं, विडीच ओढावी लागते असं नाही. नवराही खात असेल तर त्याच्यासमोर हे वाचा, कारण घरात पन्नी घोटली जात असताना एकट्या बाईने सोडणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. मळमळीला सकाळी उठल्या उठल्या कोरडी भाकर किंवा मुरमुरे, थोडं थोडं दिवसातून सहा वेळा, आणि फारच त्रास असेल तर दवाखान्यात गोळी मिळते.

आता कमी खाण्याचं. आपल्याकडच्या सासवा वाईट हेतूने सांगत नाहीत, त्यांच्या काळात दवाखाना लांब, अडलेली बाई बैलगाडीत मरायची, म्हणून लहान बाळ म्हणजे सुटका असं त्यांच्या डोक्यात बसलंय. पण उपाशी आईच्या पोटातलं बाळ नुसतं लहान होत नाही, ते वेगळं घडतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडचा पश्चिम भाग कोंडला, खाती-पिती शहरं होती ती, तिथे माणसाला दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळेनात. त्या काही महिन्यांत ज्या बाया गरोदर होत्या त्यांची मुलं मोठी झाल्यावर डॉक्टरांनी तपासली, पन्नाशीत त्यांच्यात साखरेचा त्रास इतरांपेक्षा जास्त निघाला, आणि ज्यांचे सुरुवातीचेच महिने उपाशी गेले त्यांच्यात हृदयाचा आजार आणि लठ्ठपणाही. त्यांच्या आईबापाचे जीन्स, म्हणजे शरीर कसं घडवायचं याची पिढ्यानपिढ्या येणारी माहिती, उपासमारीने बदलले नव्हते. बाळाने पोटातच ओळखलं की बाहेर अन्न नाही, आणि शरीर त्या हिशोबाने बांधून घेतलं. जीन्सवर खुणा बसतात, कोणता चालू ठेवायचा कोणता दाबायचा, आणि त्यातल्या काही खुणा साठ वर्षांनीही रक्तात सापडल्या.

आपल्या महाराष्ट्रातच पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांच्या मागे आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचं कमी काय होतं तर स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी मात्र जवळपास तेवढीच. दिसायला बारीक, आतून चरबीचं. ही मुलं पुढे डायबेटीसकडे झुकतात. म्हणून आमच्या खानदानात शुगर आहे असं कोणी म्हटलं की मी विचारते, आजी गरोदर असताना काय खात होती? बरंचसं खानदानी तिथूनच येतं. याच अभ्यासात दिसलं की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं वजनाने चांगली होती, आणि ज्या शेतात, पाण्याच्या खेपा घालत जास्त राबत होत्या त्यांची कमी. आणि दोनतृतीयांश बायांमध्ये बी-१२ कमी होतं, ते फक्त दूध, दही, अंडी, मांस-मासळीतून मिळतं, भाजीपाल्यात नसतं.

तर तुम्ही काय करायचं. दिवसाला एक जेवण वाढवा. तुरीचं घट्ट वरण, अंबाडी, शेवगा, चवळी, जवसाची चटणी, वाटीभर दही, आणि घरात चालत असेल तर रोज एक अंडं, लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर. रक्ताची गोळी रोज, चहासोबत नाही, लिंबू पिळलेल्या जेवणासोबत. ८.५ म्हणजे बरंच कमी आहे, निदान ११ पाहिजे, म्हणून नुसती गोळी पुरते की इंजेक्शन लागतं ते डॉक्टरला विचारा, आणि आपल्या भागात असल्यामुळे सिकलसेलही तपासून घ्या. अंगणवाडीतलं पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं हे मला माहीत आहे, पण ते तुमचं आहे. पहिलंच बाळंतपण असेल तर सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्याने मिळतात, ते मोबाइल रिचार्जला नाही, दूध-अंड्याला.

कापूस वेचायचं पोट भरण्यासाठी करावं लागतंय, घरी बसा म्हणणं माझ्यासाठी सोपं आहे. पण फवारणी झालेल्या वावरात जायचं नाही हे मात्र घट्ट धरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी-शेतमजूर मेले, ते धडधाकट पुरुष होते, तुमच्या पोटात तर आता मेंदू बनतोय. नवऱ्याचे फवारणीचे कपडे त्याने स्वतः वेगळे धुवायचे. पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घ्या, कारण बाळाचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून बनतात ती २८ दिवसांत बंद होते, बऱ्याच बायांना तोवर दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं.

बारीक आईचं बारीक बाळ, हे थोडं खरं आहे, आईचा बांधा येतोच. पण एका पूर्ण गावातल्या बाया बारीक असतात तेव्हा कारण बांधा नसतो, लहानपणापासून ताटात आलेलं कमी जेवण असतं.

सुनेनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, सहावा महिना होता तिले. पोट्टं फाटल्या ओठाचं झालं. आता सगळे तिलेच बोलतात. (मोर्शी तालुका)

मावशी, सुनेला बोलणं आधी थांबवा. वरचा ओठ दोन्ही बाजूंनी येऊन जुळतो तो दुसऱ्या महिन्यातच, टाळू तिसऱ्या महिन्यात बंद होते. सहाव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा ओठ जसा व्हायचा तसा कधीच होऊन गेला होता. विळीचा काही संबंध नाही.

फाटलेला ओठ एका कारणाने होत नाही. थोडं आईबापाच्या जीन्समधून, एक नाही बरेच जीन्स, आणि थोडं त्या पहिल्या दोन महिन्यांत आईला काय मिळालं, काय मिळालं नाही त्यातून: तंबाखू, दारू, फॉलिक अॅसिडची कमी, आईची शुगर, मिरगीची काही औषधं. (मिरगीची गोळी चालू असलेल्या बाईने मूल हवं असताना आधी डॉक्टरला भेटायचं, गोळी मनाने बंद करायची नाही, झटका आला तर दोघांच्या जिवावर बेततं.) आईबापांना स्वतःला नसेल आणि एका बाळाला झालं असेल तर पुढच्याला व्हायची शक्यता शंभरात ३ ते ५, म्हणजे निदान पंचाण्णव वेळा होत नाही.

बाळाला उभं धरून पाजा, ओढता येत नसेल तर आईचं दूध काढून वाटी-चमच्याने, थोडं थोडं, मधे ढेकर. वजन वाढलं की ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं साधारण वर्षाच्या आसपास, कारण बोलायला लागायच्या आधी टाळू बंद झालेली बरी. आरबीएसके, म्हणजे लेकरांची तपासणी करणारा सरकारी कार्यक्रम, त्याच्या टीमकडे नाव द्या, शस्त्रक्रिया मोफत होते.

केशर टाकून दूध प्यायलं तर पोट्टं गोरं होते का? (अचलपूर तालुका)

नाही. रंग आईबापाकडच्या बऱ्याच जीन्सनी ठरतो. दूध प्या, केशराच्या पैशाची अंडी आणा.

आमच्या खानदानात दहावीच्या पुढे कोणी गेलं नाही. मी मजुरी करतो, बायको पण. पोरगी दीड वर्षाची आहे. एक गुरुजी म्हणाले शिक्षण तुमच्या रक्तातच नाही, उगाच कॉन्व्हेंटची स्वप्नं बघू नका. खरं आहे का? (लोणार तालुका)

दादा, खरं नाही, आणि एका शिकलेल्या माणसाने असं बोलावं याचा मला राग आलाय.

बुद्धीत जीन्सचा भाग असतो हे मी नाकारत नाही, जुळ्यांच्या अभ्यासांतून ते दिसलंय. पण त्याचा अर्थ गुरुजींनी उलटा लावला. एकाच थैलीतलं बियाणं अर्धं कन्हारीत, म्हणजे काळ्या कसदार जमिनीत, आणि अर्धं बरडीत, म्हणजे हलक्या जमिनीत पेरा. कन्हारीतल्या झाडा-झाडात जो थोडाफार फरक दिसेल तो बियाण्याचा, कारण माती, पाणी, खत सगळं सारखं. पण कन्हार आणि बरड यांच्या पिकात जो मोठा फरक दिसेल तो पूर्ण मातीचा, बियाणं तर एकच होतं. तुमच्या घराण्यात आणि शहरातल्या वकिलाच्या घराण्यात दिसणारा फरक बियाण्याचा आहे असं म्हणायला गुरुजींकडे काही आधार नाही, कारण तुमच्या आजोबांना कन्हार मिळालीच नाही.

उंचीचं बघा. उंची बुद्धीपेक्षाही जास्त आईबापावर जाते. तरीपण दक्षिण कोरियाच्या बायका शंभर वर्षांत सरासरी २० सेंटीमीटरने उंच झाल्या. तीन-चार पिढ्यांत रक्त बदलत नाही, ताट बदललं, आजार कमी झाले. अमेरिकेत २००३ साली एरिक टर्कहायमर यांनी सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास छापला, त्यात बऱ्या परिस्थितीतल्या घरांत बुद्धीच्या फरकात जीन्सचा भाग मोठा दिसला, आणि अगदी गरीब घरांत जवळपास दिसलाच नाही, तिथे घराची परिस्थितीच सगळं ठरवत होती. युरोपात हा फरक इतका ठळक दिसला नाही, आणि मला वाटतं तिथे गरिबाच्या लेकरालाही दवाखाना, शाळा, जेवण बऱ्यापैकी मिळतं हे त्याचं एक कारण असावं.

पोरगी दीड वर्षाची आहे हे फार चांगलं झालं, अजून वेळ आहे. दोन वर्षांपर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ऐंशी टक्के होतो. या वयात दोन गोष्टी लागतात, खाणं आणि बोलणं. खाण्यात लोह, म्हणजे रक्त कमी नको, दर सहा महिन्यांनी जंताची गोळी, अंडं, डाळ, वरून तेल-तूप, आणि घरात आयोडीनचं मीठ. बोलण्याला पैसा लागत नाही. आई-बाप दोघं थकून येता, तरी चूल पेटवताना, भाकर थापताना तिच्याशी बोला, हे काय, ते काय, ती बोबडं काही बोलली की तिच्याकडे बघून उत्तर द्या, आणि तिला परत बोलू द्या. मोबाइल हातात देऊन हे होत नाही, मोबाइल तिच्या बोलण्याला उत्तर देत नाही. वऱ्हाडीत बोला, गोंडी, कोरकू, बंजारा बोली जी घरात असेल तिच्यात बोला, शुद्ध मराठी येत नाही म्हणून गप्प राहू नका. बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ओळखतं, जन्मल्यावर तीनेक दिवसांत तो दुसऱ्या बाईच्या आवाजातून वेगळा काढतं, हे १९८० साली प्रयोगाने दाखवलं गेलंय. मजुरीवर जाताना तिला आजीकडे ठेवत असाल तर आजीलाही सांगा, तिच्या गोष्टी, ओव्या सगळं कामाचं आहे.

आणि एक तपासून बघा. मागून टाळी वाजवली, हळू हाक मारली तर ती वळते का? दीड वर्षात चार-पाच शब्द बोलते का? नसेल तर रक्ताला दोष न देता आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत आरबीएसकेची गाडी येते त्या दिवशी मजुरी बुडाली तरी तिला घेऊन जा, पुढच्या तपासणीची चिठ्ठी तिथूनच मिळते.